अकरा ते दीड

शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय नीलू,

शाळेत सिस्टर अगाथा सांगायच्या, पत्राच्या पहिल्या वाक्यात पत्राचं कारण आलं पाहिजे. ज्याला कारण सांगता येत नाही त्यानं पोस्टमनला उगाच चालवू नये. बघ, माझं पहिलं वाक्य सिस्टरांवरच खर्च झालं.

कारण असं की आठ फेब्रुवारीला, शनिवारी, आम्ही सगळे हैदराबाद बघायला येतोय. एका दिवसात जाऊन यायचं. शिवयोगीनं गाडी ठरवलीय. तो, सूनबाई ऋतुजा, आमची नात ईश्वरी, हे आणि मी. ईश्वरी नऊ वर्षांची आहे, तू तिला पाहिलेलंच नाहीस. तिला चारमिनार बघायचाय. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं तिथं उंटावर बसल्याचं सांगितलंय, ते मला काही खरं वाटत नाही, पण मी काही बोलले नाही.

तुझा पत्ता अक्कलकोटच्या मावशींकडून मिळवला. फोन तू उचलत नाहीस, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सहलीचं वेळापत्रक अर्थातच तुझ्या दाजींनी केलंय. एसटीतून रिटायर होऊन यांना दहा वर्षं झाली, पण अंगातला कंट्रोलर अजून ड्यूटीवर आहे. कॅलेंडरच्या जुन्या पानामागं पट्टी ठेवून रेघा मारल्यात. ‘०४.१५ शुक्रवार पेठ सुटणे. ०६.४५ हुमनाबाद, चहा, १५ मि.’ ईश्वरीनं विचारलं, ‘‘आजोबा, शू लागली तर?’’ तर म्हणाले, ‘‘०५.४० उमरगा. त्याच्या आधी लागू द्यायची न्हाय.’’

तुला आठवतं, यांचा आवाज स्टँडवर घुमायला लागला की तू कानावर हात ठेवायचीस? ‘सोलापूरहून हैदराबादकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे.’ बावीस वर्षं लोकांनी तो आवाज ऐकला. हल्ली जरा बसलाय. थंडी आहे ना. आणि कडक भाकरी आता दुधात कुस्करून खातात, दातांचं कारण सांगतात. वयच झालं आता आपलं सगळ्यांचं.

हैदराबाद म्हटलं की मला शाळेची सहल आठवते. मी आठवीत होते, तू चौथीत. चौथीच्या मुलींनाही नेणार होते आणि आदल्याच दिवशी तुला गोवर आला. मी जाऊन आले तेव्हा तू पलंगावर उठून बसली होतीस, तोंडभर पुरळ, आणि विचारलंस, ‘‘अक्का, चारमिनार केवढा होता?’’ तुला वाईट वाटू नये म्हणून मी म्हणाले, ‘‘बंद होता गं. दुरुस्तीला काढलाय. आम्ही बाहेरूनच परत आलो.’’ तुझा चेहरा इतका निवळला की मला फार चांगलं वाटलं. मग शाळेत जायला लागल्यावर कुणीतरी तुला सांगितलं, पोरी वरपर्यंत चढून गेल्या होत्या. तू घरी येऊन माझी कंपासपेटी अंगणात भिरकावलीस आणि ओरडलीस, ‘‘मग मला रडायचं होतं ना!’’ अव्वा किती हसली होती. पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची, आमच्या धाकट्या लेकीला रडायचं होतं.

आणि शेवटी त्या शहरात राहायला गेलीस तूच. तीस वर्षं तिथल्या मुलांना केमिस्ट्री शिकवलीस. मी मात्र तो चारमिनार परत पाहिला नाही.

अव्वाचं नाव निघालं म्हणून लिहिते. अकरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की एकच वाक्य हाताशी यायचं, की तशी रीत आहे. आपल्याकडे माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. ‘तब्येत जास्त आहे, निघून ये’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं समजायचं असतं. येणारं माणूस रस्त्यात एकटं असतं, त्याचा जीव घाबरा होऊ नये म्हणून. तू समजली नाहीस. अव्वा त्याआधी दोनदा सिरियस होऊन उठून बसली होती, मला कसं कळणार, असं तू म्हणालीस. तू प्रॅक्टिकलची परीक्षा संपवून संध्याकाळच्या गाडीत बसलीस, आणि पोचलीस तेव्हा अव्वाला माती देऊन झाली होती. मी रीत पाळली, नीलू. एवढंच.

वेळापत्रकात अकरा ते दीड तुझ्यासाठी ठेवलेत. येऊ का? स्वयंपाकाचं काही करू नकोस. शेंगाची चटणी, धपाटे, दही, सगळं बरोबर आणते. तू नुसतं दार उघड. एक ओळ लिही, पोस्टकार्डावर लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
अक्का

*

शुक्रवार पेठ, सोलापूर
२७ जानेवारी २०२५

प्रिय नीलू,

पत्र तुला मिळालंय. स्पीड पोस्टाची पावती टाकली की मोबाईलवर दिसतं. बुधवारी सकाळी अकरा बेचाळीसला ‘डिलिव्हर्ड’. ऋतुजानं मला ते बघायला शिकवलं आणि मी दिवसातून चार वेळा बघते, जसं काही त्याच्या खाली तुझं उत्तर उमटणार आहे.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. अकरा ते दीड तुझ्यासाठी ठेवले असं लिहिलं होतं. ते तसं ठेवले गेले नव्हते.

पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हे जेवणाच्या टेबलावर पान पसरून बसले होते. शिवयोगीनं सांगितलं होतं, अकरा ते दीड काही धरू नका. यांनी पेन्सिल त्या रिकाम्या ओळीवर ठेवली आणि ठोकायला लागले.

‘‘हे अकरा ते दीड काय हाय?’’

‘‘ट्रॅफिक असतं अप्पा तिथं,’’ शिवयोगी म्हणाला.

‘‘अडीच तास? ट्रॅफिक हाय का मुक्काम?’’

‘‘मग थोडी विश्रांती धरा.’’

‘‘सहा तास बसून आलेली माणसं विश्रांती कशी घेत्यात? उभं राहून?’’ ऋतुजाला हसू आवरेना. ‘‘तू हसू नको गं. गाडी अडीच तास उभी ठेवणाऱ्या ड्रायव्हरचा मी रिपोर्ट करायचो. साहेबापर्यंत जायचा रिपोर्ट.’’

‘‘अप्पा, एक दिवस जरा मोकळं ठेवलं तर काय होतं?’’

‘‘वेळापत्रकात मोकळं नसतं. एक तर गाडी असती, न्हाय तर नसती.’’

शिवयोगीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आणि तो म्हणाला, ‘‘आईला नीलामावशीकडे जायचंय. तुम्हाला आत्ता सांगणार नव्हतो.’’

यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं रागावतील. तुला माहीत आहे, या अकरा वर्षांत यांनी तुझा विषय काढला की मी उठून आत जायची. हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘‘खरं?’’

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

मग पेन्सिल उचलली आणि त्या ओळीत लिहिलं, ‘काचीगुडा. नीला. जेवण.’ लिहून झाल्यावर माझ्यावरच चिडले. ‘‘आधी सांगायला काय झालं होतं? मी उगं हुसेनसागराला पाऊण तास देऊन बसलो!’’

म्हणजे तुझी आठवण आली म्हणून मी पत्र लिहिलं नाही, हे कबूल करते. एक जागा रिकामी होती, तिथं मुलानं तुझं नाव बसवलं, आणि ते खरं व्हावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसले. लिहिता लिहिता मात्र आठवण आली. गोवराचं लिहिताना तर उठून चूळ भरून यावं लागलं.

ती जागा रिकामी का होती ते विचारू नकोस. शिवयोगीचं थोडं काम आहे.

हे आता रोज विचारतात, ‘‘आलं का नीलूचं?’’ परवा सकाळी न सांगता बाहेर पडले ते भवानी पेठेत ओळखीच्या मागवाल्याकडे जाऊन आले. तुझ्यासाठी चादर आणलीय. ‘‘मोराची न्हाय घेतली,’’ म्हणाले. ‘‘तिला ते मोर-बिर आवडत न्हाय. साधी चौकटीची घेतली. हैदराबादला थंडी नसती, पण एसी असंल की.’’ तू कशावर चिडतेस, काय खातेस, सगळं त्यांच्या लक्षात आहे. चादर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून पुन्हा घडी घातली, पुन्हा पिशवीत ठेवली, आणि जिना चढून आल्यासारखे धापा टाकत बसले. आमच्या घराला जिना नाही.

नीलू, ‘येऊ नका’ लिहायचं असेल तर तसं लिही. पण लिही.

अक्का

*

१ फेब्रुवारी

नीलू,

आज मी यांना सांगितलं, नीलूचं पत्र आलं, या म्हणाली.

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. जेवायला बसलो होतो. यांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी आमटी वाढता वाढता म्हणाले, ‘‘आलं. या म्हणाली.’’ यांनी दोन्ही हात कपाळाला लावून सिद्धरामाला नमस्कार केला. मग आनंदात घास मोठा घेतला आणि तो अडकला. डोळे पांढरे झाले. ऋतुजानं पाठ चोळली, शिवयोगी धावत आला. घास बाहेर पडल्यावर पहिलं काय बोलले असतील? ‘‘तिला विचार, भात मऊ करती का.’’

आता लपवून काय करू. यांच्या अन्ननलिकेत गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. ऑपरेशन करता येईल की नाही ते हैदराबादच्या दवाखान्यात सांगणार आहेत. शनिवारी अकराची वेळ मिळालीय.

यांना आम्ही ॲसिडिटी सांगितलंय. यांचा धाकटा भाऊ शरणबसव, तू ओळखायचीस त्याला, त्याला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि त्यानं त्या दिवसापासून अन्न सोडलं. दीड महिन्यात गेला. रोगानं नाही गेला, शब्दानं गेला, असं शिवयोगी म्हणतो. म्हणून ठरलं की सांगायचं नाही. सहल म्हणून न्यायचं, आणि तिथं गेल्यावर म्हणायचं, आलोच आहोत तर अप्पांचा घसा एका चांगल्या डॉक्टरला दाखवू.

तर अकरा ते दीड दवाखान्याचे आहेत. तुझे कधीच नव्हते. तू खरंच ‘या’ म्हणाली असतीस तर आम्हाला येता आलं नसतं. तुझं उत्तर येत नव्हतं तेव्हा एका दिवशी मला हायसं वाटलं होतं, आणि त्याच दिवशी मी मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ चार वेळा पाहिलं होतं. ही अशी झालेय मी.

ईश्वरीलाही माहीत नाही. तिनं तुझ्यासाठी चित्र काढलंय. चारमिनार आणि उंट.

अक्का

*

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ फेब्रुवारी २०२५

नीलू,

शनिवारी आम्ही यांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे आणतोय हे आता यांना माहीत आहे, आणि अव्वाला माती द्यायला तुझ्यासाठी थांबायचं का असं मला विचारलं होतं तेव्हा ‘नको’ मी म्हणाले होते. ही दोन कारणं सांगायला हे पत्र आहे.

आता क्रमानं लिहिते.

रविवारी सकाळी मी ज्वारीचं पीठ चाळत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘‘नीलूचं पत्र दाखव की.’’

‘‘ठेवलंय कुठंतरी.’’

‘‘कुठंतरी म्हंजे कुठं? तू किराणाच्या चिठ्ठ्यासुद्धा फायलीत लावती.’’

मी चाळत राहिले.

‘‘पोस्टमन मला कोपऱ्यावर भेटतो रोज. हैदराबादचं काहीच आलं न्हाय म्हणतो. शुक्रवारी न्हाय, शनिवारी न्हाय.’’ मग म्हणाले, ‘‘ती नको म्हणाली का? नको म्हणाली असंल तर सांग. मी काय लहान पोरगं न्हाय.’’

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीलू. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्यापासून तुझा नकार लपवतेय. त्या माणसाला आपल्या घशातल्या गाठीची शंका नव्हती, माझ्या बहिणीनं दार बंद केलं याचं दुःख होतं. माझ्या हातातली चाळणी थांबली. मी म्हणाले, ‘‘पत्र आलंच नाही. अकरा ते दीड दवाखान्यात जायचंय. तुम्हाला ॲसिडिटी नाही.’’ आणि काय आहे तो शब्दही सांगितला. मराठीत सांगवेना म्हणून आधी इंग्रजीत रिपोर्टमधलं वाक्य म्हटलं, मग पुन्हा मराठीत.

हे वळले. चपला घातल्या आणि गेले.

शिवयोगी माझ्यावर ओरडला. आजवर कधी ओरडला नव्हता. ‘‘आई, चार दिवस! फक्त सहा दिवस राहिले होते, ते तुला गप्प बसवेना? काकांचं काय झालं ते पाहिलंस ना?’’ मला चार की सहा तेही विचारता आलं नाही. मोटरसायकल काढून तो वडिलांना शोधायला गेला. सापडले, पण हे त्याला म्हणाले, जा, मी येतो. एसटी स्टँडवर बसले होते. सात नंबरच्या फलाटासमोर.

दुपारी तीनला आले. पाय धुतले. ताक मागितलं. मी दिलं, हळूहळू घोट घोट प्यायले. मग विचारलं, ‘‘किती जणांना म्हाईत हाय?’’

‘‘आम्हा तिघांना.’’ मग मीच म्हणाले, ‘‘आणि नीलूला. काल लिहिलं.’’

‘‘म्हंजे हैदराबादपर्यंत बातमी गेली आणि मला न्हाय.’’

‘‘शरणबसवभावजींचं बघितल्यावर आम्हाला वाटलं...’’

‘‘शरण्या भित्राच होता. त्याला सुई टोचायची म्हटलं तरी गावाबाहेर पळायचा.’’ गळा साफ केला, तो आता साफ होत नाही. ‘‘बावीस वर्षं मी माईकवर बसलो. रोज दोन-चार गाड्या रद्द व्हायच्या. माझ्या जागी कुणी कुणी असे होते, गाडी येणार न्हाय हे म्हाईत असून सांगायचे न्हाईत. येतीय, येतीय, थोड्या वेळात लागंल. का? तर लोकं शिव्या घालत्यात. मी पहिल्या मिनिटाला सांगायचो, गाडी रद्द. खिडकीवर येऊन लोकं माझी आय-माय काढायची. काढू दे. पण त्याला दुसरी गाडी तरी बघता यायची. न्हाय तर घरला जाऊन झोपता यायचं. बाकड्यावर बसून वाट बघण्यात त्याचा दिवस तरी जात नव्हता.’’

मी तिथंच खाली बसले.

‘‘रडती कशाला? मी रडलो का?’’

‘‘तुमच्यासाठी नाही रडत,’’ मी म्हणाले. आणि अकरा वर्षांत जे यांनाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आता तुला सांगते. अव्वा पहाटे पावणेसहाला गेली. सातला मी तुला फोन केला आणि म्हणाले, तब्येत जास्त आहे, निघून ये. तिथपर्यंत रीत होती. तिथपर्यंत माझ्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं.

बाराला तुझा फोन आला. तू म्हणालीस, ‘‘प्रॅक्टिकल सुरू आहे, संध्याकाळची गाडी पकडते. आता कशी आहे?’’ तेव्हा अव्वाला आंघोळ घालून खुर्चीवर बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, हिरवी इरकल नेसवली होती. मी तिच्या समोर उभी राहून तुला म्हणाले, ‘‘झोपलीय. बरी आहे. सावकाश ये.’’ हे तू ऐकलंस, हे तू मला तोंडावर विचारलंसही, आणि मी तेव्हाही रीत रीत करत राहिले. ‘सावकाश ये’ म्हणायची रीत कुठंच नाही.

पण तुला माहीत नाही ते पुढचं आहे. फोन ठेवल्यावर बसलिंगप्पाकाका माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘‘गिरिजा, धाकटी कुठवर आलीय? आज थांबायचं आणि उद्या सकाळी माती द्यायची असं केलं तर चालतंय. बर्फ आणवू. तू सांग.’’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘‘नको. थांबायला नको.’’

का म्हणाले? लोकांना नंतर सांगितलं, ऊन फार होतं, अव्वाचे हाल नकोत. फेब्रुवारीत कसलं ऊन, नीलू. चार वर्षं मी तिला उचलून बसवत होते. तिची अंथरुणं धूत होते. तू चार महिन्यांनी दोन दिवस यायचीस, बॅग भरून खाऊ आणायचीस, आणि अव्वा सगळ्या गल्लीला सांगायची, माझी नीला आली. मी रोजचीच होते, माझं काय सांगणार? त्या दिवशी बाराला तू म्हणालीस, परीक्षा सुरू आहे. माझ्या मनात आलं, हिला एकदा उशीर होऊ दे. फक्त एवढंच मनात आलं, एक क्षणभर. पण त्याच क्षणी काकांनी विचारलं.

चारला आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटे तू आलीस. तुझ्या हातात अव्वासाठी मोसंबी होती.

सिस्टर अगाथा शुक्रवारी वर्गातल्या ख्रिस्ती मुलींना फादरांकडे कबुलीजबाब द्यायला रांगेत उभं करायच्या आणि आपण दोघी व्हरांड्यात बसून हसायचो, ह्या पोरी काय सांगत असतील म्हणून. आता कळतं, सांगायला खूप असतं. सांगून माफी मिळावी असं मी म्हणत नाही. तुझी गाडी मी रद्द केली आणि तुला बाकड्यावर बसवून ठेवलं, तेही अकरा वर्षं. तू नऊ वर्षांची असताना कंपासपेटी फेकून मला जे सांगितलं होतंस तेच यांनी परवा ताक पिता पिता सांगितलं. दोन्ही वेळा मला वेळेवर समजलं नाही.

यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. मग म्हणाले, ‘‘लिहून कळव तिला. फोन करू नको. फोनवर तू खोटं बोलती.’’

नंतर पान मागितलं. नवीन पान, जुन्यावर खाडाखोड करायची नाही असा त्यांचा नियम. ईश्वरीला शेजारी बसवून पट्टी धरायला लावली. तिनं ‘दवाखाना’ वाचलं आणि विचारलं, ‘‘कोणाला दाखवायचंय?’’ हे म्हणाले, ‘‘मला. घशात गाठ हाय. काढता येती का बघायचं.’’ तिनं विचारलं, ‘‘दुखतं?’’ म्हणाले, ‘‘भाकरी खाताना.’’ ती म्हणाली, ‘‘मग भात खा,’’ आणि पट्टी सरळ धरली. आम्ही तिघं मोठी माणसं त्या दोघांकडे बघत बसलो.

यांना काही फरक पडला नाही असं समजू नकोस. काल दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. आज सकाळी देवपूजेला बसले ते तासभर उठले नाहीत, आणि उठले तेव्हा डोळे लाल होते. शिवयोगी अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण आज दुपारी यांनी स्वतःहून विचारलं, ‘‘रिपोर्ट कुठल्या पिशवीत घेतले? वर ठेवा, धपाट्याखाली नको.’’ आणि जेवले. मऊ भात आणि दूध, पण जेवले.

नवीन पान असं आहे. जसंच्या तसं उतरवते:

०४.१५ शुक्रवार पेठ सुटणे
०५.४० उमरगा, ५ मि.
०६.४५ हुमनाबाद, चहा, १५ मि.
१०.०० हुसेनसागर, गाडीतूनच
११.०० ते १३.३० दवाखाना
१४.१५ ते १५.४५ चारमिनार (ईश्वरी वर चढणार, बाकीचे खाली)
गोवळकोंडा रद्द
१६.१० काचीगुडा, विनंती थांबा
१६.३० परतीचा प्रवास

‘‘विनंती थांबा?’’ मी विचारलं. ‘‘तिच्या घरासमोर?’’

‘‘मग काय लिहू? अधिकृत थांबा लिहायला तिची परवानगी हाय का आपल्याकडं?’’

तुला एसटीवाल्यांच्या घरातलं सगळं ठाऊक आहे, तरी त्यांनी मला समजावलं तसं लिहिते. अशा ठिकाणी गाडी आपणहून थांबत नाही. रस्त्याच्या कडेला कुणी उभं राहून हात केला तरच थांबते. कुणी उभं नसलं तर ड्रायव्हरनं रागवायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. पण वेग कमी करून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा नियम आहे. कोणी आहे का ते बघायचंच.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे असं मावशी म्हणाल्या. पांढरी गाडी, एमएच १३. चादर मागच्या सीटवर असेल, आणि उंटाचं चित्रही. मी डाव्या खिडकीशी बसेन. डॉक्टर काय म्हणाले ते मला तेव्हा माहीत असेल, आणि तू विचारलंस तर जे असेल ते सांगेन.

शनिवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. वेग कमी केलेला असेल.

गिरिजाअक्का